नाकेदारांचा अर्ज

कागद हातात आला की आमचे नाकेदार पहिल्यांदा त्याच्या वरच्या भागावर डावा पंजा ठेवायचे. पुरता पसरून. मग समोरच्या मुलाकडे बघून म्हणायचे, "आजोबांना बसू दे. तू उभा राहा."

मुलगा बिचारा खरोखरच उठून उभा राहायचा. नाकेदार हसायचे नाहीत, आणि त्यामुळे माझी पंचाईत व्हायची. मी शेजारच्याच टेबलाशी बसलेला. तोंड फिरवून खोकल्याचं सोंग करावं लागे.

तुम्ही म्हणाल, आजोबा कुठून आले? तर आमच्याकडची रीतच तशी. देवास म्हणजे एका गावात दोन दरबार. रस्त्याच्या या अंगाला थोरली पाती, त्या अंगाला धाकटी. दोन्हीकडे चाकरीला आपली दक्षिणी माणसं, आणि अर्ज कशाचाही असो, विहिरीचा, रजेचा की मुलाच्या शिक्षणाचा, पहिलं अर्धं पान आजोबांचं. कुठल्या मोहिमेत होते, सरकारस्वारीने काय बक्षीस दिलं, सनद कोणत्या पेटीत आहे. ज्याचा अर्ज तो शेवटी, सहीपुरता. शेजारच्या धार संस्थानची मंडळी तर पणजोबांपासून सुरुवात करत.

दरबारात ते चालायचं, कारण दरबार आजोबांना ओळखत होता. मुंबईला कोण ओळखणार?

आणि मुलांना जायचं होतं मुंबईलाच. पदवी झालेल्यांसाठी तिथे व्यापारशास्त्राचा दोन वर्षांचा वर्ग निघाला होता. जागा बोटांवर मोजण्याइतक्या आणि अर्ज साऱ्या मुलखातून. हा अभ्यास का करायचा ते आपल्या शब्दांत एका पानात लिहायचं, ज्यांनी तुमचं काम पाहिलंय अशा दोघांची पत्रं जोडायची, आणि बोलावणं आलं तर मुलाखतीला जायचं. आमच्या शेजारचा एक मुलगा नाकेदारांच्या मदतीने त्या वर्गाला लागला, आणि बातमी धारपर्यंत गेली. त्यानंतर आमचा जकात नाका म्हणजे दर उन्हाळ्यात परीक्षेचं केंद्रच झालं.

नाकेदार स्वतः बी.ए. होते, बाहेरून बसून, चौथ्या खेपेला पास झालेले. इंग्रजी मात्र सुरेख. मी त्यांच्या हाताखाली कारकून. मलाही पदवी होती, पण पुढे शिकायची हौस म्हणाल तर अजिबात नव्हती. माझं अक्षर बरं, म्हणून सगळ्या अर्जांची स्वच्छ नक्कल करायचं काम माझ्या गळ्यात. त्यामुळे हे सगळं मी आतून पाहिलंय, ऐकीव नव्हे.

एकदा धारच्या सरदारघराण्यातला मुलगा आला. तीन पानांचा अर्ज, त्यातली अडीच पानं तलवारीची. नाकेदारांनी पंजा ठेवला.

"तू घोड्यावर बसतोस?"

"नाही."

"मग तू काय केलंस?"

"काहीच नाही," मुलगा म्हणाला. रडकुंडीलाच आला होता. बराच वेळ खोदल्यावर निघालं ते असं: इंदूरला शिकताना विद्यार्थ्यांची खाणावळ याच्याकडे होती. एकदा आचारी पळाला. यानेच आठ दिवस वीस जणांचं रांधलं. पहिल्या दिवशी वरण करपलं, तिसऱ्या दिवशी भात कच्चा राहिला, पाचव्या दिवशी त्याने मुलांच्या पाळ्या लावल्या आणि मग गाडं सुरळीत झालं.

"वरण करपल्याचं लिही," नाकेदार म्हणाले.

"तेसुद्धा?"

"ते आधी."

शिफारसपत्र त्याने दिवाणांचं आणलं होतं, लाखेची मोहर वगैरे. नाकेदारांनी ते डोळ्यांना लावून परत दिलं. "मोठी माणसं. पण यांनी तुला वरण करपवताना पाहिलंय का? खाणावळीला सामान देणारा वाणी असेल ना कुणी? त्याचं आण." सरदारांचा मुलगा वाण्याच्या दारात पत्र मागायला गेला, घरात मोठा गहजब झाला, आणि त्याला जागा मिळाली.

मुलाखतीची तालीम नाक्यावरच व्हायची. रस्त्यावर आडवा बांबू, तो वर झाला की गाडी आत येणार. नाकेदार प्रश्न विचारत, आणि गाडीची मागची चाकं बांबूखालून जायच्या आत उत्तर संपलं पाहिजे. एकाचं उत्तर इतकं लांबलं की मागे सात गाड्या अडकल्या आणि एक गाडीवान ओरडला, "भिया, इसको पास कर दो, हमको जाने दो!" त्या दिवशी मात्र नाकेदार हसले.

असा हा माणूस. दुसऱ्याच्या पोटातलं बोट घालून बाहेर काढणारा. आता त्याचीच गंमत ऐका.

एका चैत्रात त्यांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. "गोपाळ, याची नक्कल कर. घाई नाही." आणि ताबडतोब बाहेर जाऊन, काही कारण नसताना, बांबूची दोरी तपासू लागले.

मी वाचायला लागलो. अर्जदाराचे आजोबा थोरल्या महाराजांच्या पदरी होते. त्यांना अमुक गावी इनाम होतं. वडिलांनी तीस वर्षं एकनिष्ठ चाकरी केली. अर्जदारानेही वीस वर्षं केली. पान संपलं. खाली सही, नाकेदारांची.

मी दोनदा वाचलं. मग बाहेर गेलो.

"रावसाहेब, हा तुमचा?"

"हो."

"त्या वर्गासाठी?"

"बी.ए. पाहिजे असं लिहिलंय. वयाची अट लिहिलेली नाही. मी नीट पाहिलंय." दोरी सोडायला तयार नाहीत.

त्यांचं वय त्रेचाळीस. पंचवीस वर्षांच्या चाकरीवरच्या पेन्शनला पाच वर्षं उरलेली. मला खरं सांगायचं तर त्यांची दया आली, आणि रागही आला. दयेपेक्षा राग जास्त. वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या आजोबांना खाली बसवणारा हा गृहस्थ, आणि स्वतःची वेळ आली तर सगळं घराणं घेऊन उभा!

मी कागद त्यांच्यापुढे धरला आणि वरच्या अर्ध्यावर पंजा ठेवला. मोठ्या माणसाशी असं वागू नये, कळतं मला. पण ठेवला.

"तुम्ही उभे राहा," मी म्हणालो.

"उभाच आहे की."

"कागदावर कुठे आहात?"

त्यांनी दोरी सोडली. मग म्हणाले, "मला स्वतःबद्दल लिहिता येत नाही रे. तीन वेळा लिहिलं. दर वेळी आजोबाच येऊन बसतात."

"मग तुम्ही मुलांना विचारता तेच मी विचारतो. कशाला शिकायचंय?"

आणि त्यांनी सांगितलं ते असं. दोन वर्षांपूर्वी टोंकखुर्दचा एक शेतकरी कापसाची गाडी घेऊन नाक्यावर आला होता. ती गोष्ट मीही पाहिलेली, पण विसरलो होतो. त्या दिवशी गर्दी होती, त्याची पाळी यायला दुपार झाली. तेवढ्यात तारघरातून माणूस बाजाराकडे धावत गेला, आणि थोड्या वेळात बातमी आली की भाव पडला. शेतकऱ्याने गाडी वळवली. दुसऱ्या दिवशी परत आला, तर भाव आणखी खाली. जाताना त्याने नाकेदारांना विचारलं, "भिया, भाव किसने गिराया?"

"मी त्याला म्हटलं, तार आयी. तो म्हणाला, तार किसने भेजी? मी म्हटलं, मुंबईसे. तो म्हणाला, मुंबईमे किसने?" नाकेदार थांबले. "वीस वर्षं मी या नाक्यावर आहे, गोपाळ. शेकडो गाड्या माझ्या हाताखालून जातात. आणि मला त्याला सांगता आलं नाही. माणूस माझ्या तोंडाकडे बघत उभा, आणि मी मठ्ठासारखा गप्प. फार लाज वाटली."

"हेच लिहा."

"हे? यात माझं काय आहे? यात तर मला काही येत नाही, एवढंच आहे."

"तेच आधी," मी म्हणालो.

त्यांनी लिहिलं. नऊ वेळा फाडलं, पण लिहिलं. एकाही ओळीत आजोबा नाहीत. वयाच्या रकान्याशी मात्र पुन्हा अडले. हितचिंतक सांगून गेले होते की पस्तीस टाका, कोण बघतंय. त्यांनी त्रेचाळीस लिहिलं आणि मला म्हणाले, "ठळक काढ."

घरी त्यांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या काकूंना, हे ठाऊक होतं की नाही, याची मला धास्ती होती. एके दिवशी त्या स्वतःच नाक्यावर डबा घेऊन आल्या. मला म्हणाल्या, "अर्ज गेला का रे?"

"गेला, काकू. पण पेन्शन..."

"ती जाईल. दोन वर्षं मी बागलीला भावाकडे राहीन, बोलणं झालंय. हा माणूस झोपेत तारवाल्याशी भांडतो. मला नीट झोप हवीय." एवढं बोलून डबा ठेवला आणि गेल्या. डोळे लाल होते, ते मला दिसले. त्यांना काही सोपं नव्हतं ते.

ज्येष्ठात मुलाखतीचं बोलावणं आलं. परत आल्यावर मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, बाहेर बाकावर बसलो होतो, मुलं उठून नमस्कार करायची. त्यांना वाटलं मीच परीक्षक. आत तिघे साहेब होते. सगळ्यात म्हाताऱ्याने एवढंच विचारलं, तार कोण पाठवतो हे कळल्यावर काय करशील?

"मग?"

"टोंकखुर्दला जाऊन सांगेन, म्हटलं. बाकी काही सुचेना. गाडी बांबूखालून पुरती जायच्या आत संपलं."

पुढचे दिवस वाईट गेले. टपालवाला रस्त्यात दिसला की ते उगाच वजनं पुसायला घेत. शेवटी पाकीट आलं. त्यांनी ते फोडलं नाही, माझ्याकडे सरकवलं. मी वाचून मान डोलावली. त्यांनी पागोटं काढलं, टेबलावर ठेवलं, पुन्हा घातलं, आणि म्हणाले, "राजीनाम्याची नक्कल तूच कर. तुझं अक्षर चांगलं आहे."

इंदूरच्या गाडीपर्यंत मी टांग्यातून पोचवायला गेलो. डब्यात त्यांच्या आजूबाजूला सगळी कॉलेजची मुलं. ते मध्ये बसून पाटी-पेन्सिल मिळालेल्या मुलासारखे दिसत होते. मला हसू आलं, आणि मग आलं नाही.

ते देवासला पुन्हा राहायला आले नाहीत. परीक्षा झाल्यावर तिकडेच कापसाच्या पेढीवर लागले, काकूही गेल्या. मध्ये एकदा येऊन टोंकखुर्दला मात्र जाऊन आले, असं मला गाडीवानांकडून कळलं. त्यांची आठवण मला फार येते. नाक्यावर खुर्ची माझी झाली, पण पुन्हा पंजा ठेवायचा धीर मला कधी झाला नाही.

ते गेल्यावर महिन्याभरातली गोष्ट. धारहून एक गृहस्थ मुलाला पुढच्या वर्षीच्या अर्जासाठी घेऊन आले. चांगले चाळिशीचे, अंगरखा, उपरणं, दरबारी बोलणं. "मीही बी.ए. आहे," म्हणाले, "आमच्या वेळी पुढे शिकायला मिळालं नाही, चाकरीत अडकलो. मुलाने तरी जावं. नाकेदारसाहेब कुठे आहेत?"

"शिकायला गेले," मी म्हणालो.

"त्यांचा मुलगा?"

"नाही. तेच. त्याच वर्गात."

"वय काय त्यांचं?"

"त्रेचाळीस."

मुलाच्या हातातलं मुंबईचं माहितीपत्रक गृहस्थांनी घेतलं, उजेडाकडे धरलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. पुरं वाचून झाल्यावर मुलाला म्हणाले, "तू जरा बैलांना पाणी दाखव."

मुलगा बाहेर गेला. मग खुर्ची माझ्या टेबलाजवळ ओढून त्यांनी आवाज अगदी खाली आणला आणि विचारलं, "जागा अजून शिल्लक असतील का हो?"