जांभळाच्या चवीची कॉफी
कॉफीच्या बिया भाजल्याचा वास आला की मला कलकत्त्यातला बालीगंजचा आमचा जुना फ्लॅट आठवतो. युगांडातून भारतीयांना हाकलून दिलं, तेव्हा मावशी आणि काका दोन बॅगा घेऊन आमच्याकडे आले होते. काका तिकडे कॉफीची चव पारखण्याची नोकरी करायचे. त्यांना कुठेतरी चिकटवता यावं म्हणून वडिलांनी चहाच्या कंपनीतल्या एका मराठी साहेबांना घरी बोलावलं. काकांनी जपून आणलेल्या निरनिराळ्या देशांच्या बिया लोखंडी कढईत भाजल्या, खलबत्त्यात कुटल्या. इकडे आल्यापासून प्रथमच ते मोकळेपणाने बोलत होते. "केनियाची कॉफी जांभळासारखी आंबटगोड. इथिओपियाच्या कॉफीला मोगऱ्याचा वास. आमची युगांडाची मात्र दाट आणि कडू." साहेबांनी केनियाच्या कॉफीचा एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "नासलीय वाटतं!" ते आईला म्हणाले, "वहिनी, तुम्ही आपला चहाच टाका." वडील मोठ्याने हसले. साहेबांना दुखवून चालणार नव्हतं. मग काकाही हसले. निघताना साहेब म्हणाले, "कॉफीच्या जिभेचा इथे काय उपयोग? गोदामात पेट्यांवर लक्ष ठेवायला माणूस हवाय, येताय का?" काका म्हणाले, "येतो, साहेब." दार लागल्यावर मावशीने वडिलांना एवढंच विचारलं, "भावोजी, तुम्ही का हसलात?" वडील पेपर उघडून बसले. काका निवृत्त होईपर्यंत त्या गोदामातच राहिले, आणि पुन्हा कधी कॉफी प्यायले नाहीत. वडिलांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांचं बाकी सगळं मी विसरले, ते हसणं मात्र मला अजून माफ करता येत नाही.