आक्काचा एक नंबरचा बिल्ला

घरात माणसं पाच आणि चपलांचे जोड तीन, असे दिवस मी पाहिले आहेत. कान्ह्याजवळच्या आमच्या वस्तीत पत्र्याची एक खोली होती. कारखान्यातल्या प्रेस मशीनमध्ये वडिलांचा उजवा हात गेला तेव्हा मी चौथीत होते. आई दुसऱ्यांच्या भातखाचरांत राबायची. धाकटा भाऊ अजून रांगत होता. वडिलांची थोरली बहीण, आमची आक्का, नवरा वारल्यावर आमच्याकडे परत आली होती. तिनं शिरगावला देवळाच्या रस्त्यावर भाविकांच्या चपला सांभाळायचं काम धरलं. दर गुरुवारी आणि रविवारी कान्हे स्टेशनातून लोकल, पुढं सहा आसनी रिक्षा, आणि पायात काही नाही. घरातला तिसरा जोड मी शाळेत घालून जायचे ना... पुढं लोणावळ्याच्या कॉलेजातून मी बीएस्सी झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही. पहिल्या पगारात मी आक्काला चपला घेतल्या. तिनं त्या स्टँडच्या फळीवर एक नंबरच्या खणात ठेवल्या, एक नंबरचा पत्र्याचा बिल्ला कमरेच्या पिशवीत टाकला आणि परत अनवाणी बसली. म्हणाली, “दुसऱ्याच्या चपला राखायच्या आन् आपुन पायात घालून बसायचं, बरं दिसतं व्हय?”

यंदा दिवाळी सरली आणि आठवड्याभरात ती गेली. पुण्याच्या ऑफिसात मी डबा उघडला होता, तेवढ्यात वस्तीतून संगीतावहिनींचा फोन आला. “ताई, आक्का गेल्या.” सकाळी चहा मागितला आणि कप तसाच राहिला, एवढंच कळलं. मी डबा बंद केला. तेव्हा मनात पहिला विचार आला तो हा, की तीन दिवसांनी नवा तांदूळ विक्रीला उघडायचाय. मग लाज वाटली. पण आज वाटतं, आक्कालाही तोच विचार आला असता.

हा तांदूळ म्हणजे आमच्या वस्तीतल्या बायकांच्या गटाचा इंद्रायणी. आधी तो व्यापाऱ्याकडे जायचा, दुसऱ्या कुठल्या तरी तांदळात मिसळायचा आणि आमचं नाव कुठंच राहायचं नाही. गटाचं काम संगीतावहिनी बघतात, दहावी शिकलेल्या, माझ्या चुलतभावाची बायको. त्यांच्या मनात आलं की वेबसाइट काढून सरळ गिऱ्हाइकाला विकावा. बायका कचरत होत्या. तेव्हा आक्का समाजमंदिरात उभी राहिली आणि म्हणाली, “आमची पोरगी हाय की. ती करंल. माजा शबूद हाय.” ऑफिसात मी दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळते, तेव्हा हे काम मला डाव्या हातचा मळ वाटलं.

वेब सर्व्हर म्हणजे दारात बसलेला माणूस समजा. कुणी साइट उघडली की हवं ते पान काढून हातात देणारं सॉफ्टवेअर. ते अनेक प्रकारचं मिळतं. मी अपाची घेतलं, कारण कॉलेजात तेच शिकवलं होतं. तुलना वगैरे काही केली नाही. पहिल्या वर्षी रविवारी सकाळी दहाला तांदूळ उघडला, लोक एकदम आले आणि दहा मिनिटांत साइट बसली. समाजमंदिरात सगळ्या बायका माझ्या लॅपटॉपकडे बघत होत्या. एकीनं ऐकवलंच, “कॉलेज शिकली आन् दुकान उघडून दारच लावून घेतलं!” निम्मी पोती व्यापाऱ्याकडे गेली. आक्कानं शब्द दिला होता, आणि त्या संध्याकाळी ती खाली मान घालून घरी आली. जेवताना मला एवढंच म्हणाली, “गुरवारी माज्यासंगं चल.”

“कशाला?”

“बस नुस्ती.”

गेले रजा टाकून. तिच्या शेजारी एका म्हाताऱ्या आबांचा स्टँड होता. आबा एका भाविकाच्या चपला घ्यायचे, सुतळीनं बांधायचे, फळीपर्यंत जायचे, ठेवायचे, परत येऊन बिल्ला द्यायचे. तोवर मागचे ताटकळत. आक्काकडे दोन-दोन सारखे बिल्ले होते. एक माणसाच्या हातात, जोडीचा चपलेत, की पुढचा. चपला फळीवर लावायचं काम ती गर्दीच्या फटीत करायची. कुणी बिल्ला शोधत खिसे चाचपत उभा असला तर त्याच्यापाशी न थांबता ती आणखी तिघांना मोकळं करायची. आबा मला म्हणाले, “बग तुजी आत्ती, मानसं झेलती का चपला, कायबी कळत न्हाई.” आक्का हसली. “आबांकडं मानूस आला की आबा त्येचंच. म्या कुनापाशीच थांबत न्हाई, पर इसरत बी न्हाई कुनाला.”

मी तिथंच फळीला टेकून बसले. कारण माझा सर्व्हर आबांसारखा वागला होता. येणाऱ्या प्रत्येक माणसामागे सॉफ्टवेअरचा एक कामगार अडकून राहील, अशी जुनी मांडणी मी तशीच ठेवली होती. घाटात अर्धवट रेंज मिळणारा कुणी साइटवरचे आमच्या खाचरांचे फोटो उघडत बसला की तो कामगार त्याच्यापाशीच उभा. असे शंभर झाले, मशीनची मेमरी संपली, दार बंद.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. सारख्याच छोट्या मशीनवर तीन सॉफ्टवेअर बसवली, अपाची, एन्जिनएक्स आणि कॅडी. आमचीच पानं, आमचेच फोटो, आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यावर खोटी गर्दी सोडत राहिले. एन्जिनएक्स आक्कासारखं निघालं, थोड्या मेमरीत गर्दी सहज झेलणारं. कॅडी त्याच्या थोडं मागं. आणि खरं सांगायचं तर मांडणी बदलल्यावर अपाचीनंही गर्दी झेलली. दोष माझ्या हाताचा होता, आणि हे मान्य करायला मला आठ दिवस लागले. आजही एकाच मशीनवर दहा जणांच्या जुन्या साइट असतील आणि प्रत्येकाला आपल्या फोल्डरात आपले नियम ठेवायचे असतील, तर मी अपाचीच घ्या म्हणते. आमच्यासाठी मी एन्जिनएक्स निवडलं. दुसऱ्या वर्षी सगळा तांदूळ सुरळीत गेला. आक्काला पेढा भरवला आणि मी फुगले.

पुढच्या उन्हाळ्यात मैत्रिणीच्या लग्नाला गेले होते, फोन बॅगेत. साइट खरी असल्याची खूण देणारं एक प्रमाणपत्र असतं, ते ठरावीक मुदतीनं नवं करावं लागतं. नवं आपोआप आलं होतं, पण ते वाचून घे असं एन्जिनएक्सला सांगणारी ओळ मीच लिहायची विसरले होते. दिवसभर गिऱ्हाइकांना ‘ही साइट धोक्याची आहे’ असं दिसत राहिलं. कुणी तरी फोन करून संगीतावहिनींना विचारलं, “तुमची फसवणुकीची साइट आहे का?” वहिनींनी माझी सेटिंगची फाइल उघडली, ती लांबलचक फाइल बघून घाबरल्या आणि बंद केली.

आक्का मला म्हणाली, “तू नसशील तवा कोन बगतं?”

“मी असते की.”

“काल न्हवतीस.”

ती तांदूळ निवडत होती, सुपातून मान वर न करता पुढं बोलली, “म्या तापानं पडले तर माजं बिल्लं आबा चालवत्यात. आबांना कळंल आसंच ठिवलंय म्या. तुजं लय भारी आसंल गं... पर दुसऱ्याला चालवता आलं पायजे.”

माझ्या तुलनेच्या कागदावर वेग होता, मेमरी होती, गर्दी होती. हा प्रश्न नव्हता. त्या आठवड्यात मी एन्जिनएक्स काढलं. जीवावर आलं, कारण ती फाइल मी फार हौसेनं रचली होती. कॅडी बसवलं. ते प्रमाणपत्र स्वतः आणतं आणि मुदत संपण्याआधी स्वतःच बदलतं. आमची सगळी सेटिंग त्यात जेमतेम आठ-दहा ओळींत बसली. प्रत्येक ओळीवर मी मराठीत लिहिलं की ही कशासाठी आहे आणि बिघडली तर काय करायचं. वहिनींना चार रविवार शेजारी बसवून बंद-चालू करायला लावलं. आक्का उंबऱ्यात बसून बघायची. एकदा वहिनींनी माझी मदत न घेता सर्व्हर बंद करून परत उठवला, तेव्हा म्हणाली, “आता माजा शबूद खरा झाला.” मी म्हटलं, अजून कुठं, गर्दीच्या दिवशी कळेल.

तो गर्दीचा दिवस तिच्या सुतकात आला. वहिनी दारात येऊन हळूच विचारू लागल्या, “ताई, पुढं ढकलू का?” मी वडिलांकडे पाहिलं. ते म्हणाले, “बहिनीनं शबूद दिलाय. उघडा.” माझा लॅपटॉप पुण्यात खोलीवर पडून होता, आणि असता तरी मी भेटायला येणाऱ्या बायकांमधून उठले नसते. दहा वाजले तेव्हा मी आक्काच्या घोंगडीवर बसले होते. समाजमंदिराकडे कान लावून. काहीच आवाज येत नव्हता... दुपारी वहिनी आल्या, बायकांच्या मागं बसल्या, आणि नजरानजर झाल्यावर नुसती ‘झालं’ अशी मान डोलावली. मग मी पहिल्यांदा मोकळेपणी रडले.

दिवसकार्य झाल्यावर गुरुवारी शिरगावला गेले. आक्काचा स्टँड आबा चालवत होते, तिच्याच बिल्ल्यांनी, तिच्याच रीतीनं. एक नंबरच्या खणात त्या चपला तशाच, तळवे अजून कोरे. तिची कमरेची पिशवी वडिलांनी माझ्याकडे दिली होती. त्यातला बिल्ला काढून मी आबांना दाखवला. “जा घेऊन,” ते म्हणाले. मी फळीपाशी गेले आणि तशीच परत आले. “राहू द्या आबा. आक्काचा खण आहे.” आबांनी मान डोलावली आणि पुढच्या माणसाला बिल्ला दिला.

एक नंबरचा बिल्ला आता ऑफिसात माझ्या कीबोर्डशेजारी असतो. कुणी विचारायला आलं की ताई, आमच्या साइटला कुठला सर्व्हर घेऊ, तर मी आधी तो हातात घेते आणि विचारते, तुम्ही नसाल तेव्हा कोण बघणार?

सुतकातल्या त्या रविवारी मी नव्हते, आक्का नव्हती. साइट एकदाही बंद पडली नाही, आणि वस्तीतला सगळा तांदूळ वस्तीच्या नावानं विकला गेला.