वाचनबाईंनी मास्तरांना विचारलं

गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात काज-बटणांची खोली सगळ्यात शांत. मशीनचा खडखडाट पलीकडच्या दालनात, इथे नुसतं हातकाम. वाचनबाईही आधी इतरांसारख्या काजंच करायच्या. मग एकदा स्टुलावरून पडून त्यांचं मनगट मोडलं आणि मालकीणबाई म्हणाल्या, "हात बरा होईपर्यंत घरी बसा."

घरी बसणं बाईंना नकोच होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा आणि सून दोघंही नोकरीला. दिवसभर काय भिंतींशी बोलायचं? तेव्हा खोलीतल्या बायकांनीच तोडगा काढला. "बाईंच्या वाटणीची काजं आम्ही करू. त्यांनी आम्हाला वाचून दाखवावं."

बाईंकडे जुन्या प्रेमकादंबऱ्यांची थप्पी होती. पिवळी पडलेली पानं, खिळखिळे पुठ्ठे, पण नायिका एकेक अशी खमकी, की बड्या घरच्या माणसांनाही पळता भुई थोडी व्हावी. बाई वाचायच्याही झोकात. खाष्ट आत्याबाई आली की नाकातून बोलायच्या, नायक आला की आवाज खर्जात. खोलीतल्या चहाड्या बंद झाल्या, काजं भराभर व्हायला लागली, मालकीणबाई खूश. मनगट बरं झालं तरी बाईंना कुणी सुई धरू देईना.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीशी, कटिंग मास्तरांचं लांबलचक टेबल. मास्तर विधुर, सरळ मनाचे, कापड बेतण्यात हातखंडा. कादंबरी ऐकत नसल्याचा आव आणायचे, पण रंगात आलेल्या प्रसंगाला त्यांची कात्री हटकून थांबायची.

त्या दिवशी बाई वाचत होत्या ती गोष्ट दीपगृहाच्या रखवालदाराच्या मुलीची. पोरांची शाळा चालवणाऱ्या या मुलीला एक जहाजमालक येऊन म्हणतो, की आपण लग्न करू, तू माझ्या हवेलीत राहा, शाळेचं बघायला मी माणूस ठेवीन. ती त्याला दारातूनच परत पाठवते. खोलीत एकच गलका झाला.

"फार शेफारली बाई ही!" मास्तरांना राहवलं नाही. "हवेली आहे, बग्गी आहे, माणूस सज्जन आहे. नकार कशाला?"

"त्याने विचारलं कुठे, मास्तर?" बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "त्याने नुसतं सांगितलं."

बायका खो-खो हसल्या. मास्तर खडू शोधायला खाली वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत.

पुढच्याच आठवड्यात सुटीच्या वेळी जिन्याजवळ मास्तरांनी बाईंना गाठलं. शर्टाला कडक इस्त्री, आवाज मात्र चुरगळलेला. "बाई, मी ठरवलंय. आपण लग्न करू. तुम्ही आता काम सोडा, माझ्याकडे या, आरामात बसून खा."

हा माणूस त्यांना आवडत होता, त्याची थांबणारी कात्री तर फारच. पण त्या म्हणाल्या, "मास्तर, हे विचारलंत की सांगितलंत?"

मास्तर कानापर्यंत लाल झाले आणि जिना उतरून चालते झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका गठ्ठ्यातल्या सगळ्या सदऱ्यांच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला.

काज-बटणांच्या खोलीत दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, बाईंनी लगेच हो म्हणायला हवं होतं. दुसऱ्याचं, मास्तरांची चांगली खोड मोडली. घरीही बातमी पोचली. मुलगा गोरामोरा झाला. "आई, या वयात? लोक काय म्हणतील?"

सून ताटं मांडत होती. "लोक काय, आपण जेवायला बसलो तरी म्हणतात," ती म्हणाली. "आई, तुमच्या मनात काय आहे ते बोला."

बाईंच्या मनात काय होतं? रात्री पुस्तक मिटताना त्यांना चुटपुट लागायची. कादंबरीतला नायक आपलं जहाज जाळून घेतो, समुद्र पालथे घालतो आणि तीनशे पानांनी शहाणा होऊन परत येतो. नायिका तोवर खिडकीत उभी. पण आपण पन्नाशी ओलांडलेली बाई, आपल्याला खिडकीत उभं राहायला सवड कुठे? आणि विचारायचा मक्ता काय एकट्या नायकाचाच?

सकाळी त्या सरळ कटिंगच्या टेबलाशी गेल्या. बायकांच्या सुया जागच्या जागी थांबल्या.

"मास्तर, तुम्हाला नक्की काय हवंय?"

मास्तरांनी कात्री ठेवली. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलाच नसावा, कारण ते आधी कापडावरची खडूची रेघच पुसायला लागले. मग हळूच म्हणाले, "संध्याकाळी जेवताना समोर कुणीतरी हवंय. एकट्याला घास उतरत नाही. बाकी ते काम सोडा वगैरे... चांगला माणूस असंच म्हणतो, असं मला वाटलं होतं."

बाईंना एकदम हसू फुटलं. "मी काम सोडणार नाही. वाचन सोडणार नाही. स्वयंपाक अर्धा तुमचा. चालत असेल तर मी विचारते, माझ्याशी लग्न कराल?"

"पण मला नुसती खिचडी येते," मास्तर घाबरून म्हणाले.

"अहो, हो म्हणा आधी!" मागून सगळी खोली ओरडली.

ते हो म्हणाले. लग्न नोंदणी कार्यालयात झालं. साक्षीदार म्हणून सही करताना मुलाच्याच डोळ्यांत पाणी उभं राहिलं आणि सून त्याला कोपराने ढोसत राहिली. मालकीणबाईंनी त्या दिवशी कारखान्याला अर्धी सुटी दिली.

आता मास्तरांची खिचडी बरीच सुधारली आहे. जेवण झालं की ते भांडी घासतात आणि बाई ओट्याला टेकून पुढचं प्रकरण वाचतात. परवा एक मुळूमुळू रडणारी नायिका निघाली, तर मास्तर साबणाच्या हातानेच तिच्यावर उखडले, "अगं, बोल की त्याच्याशी!" बाईंनी नायिकेचा तो संवाद पुन्हा एकदा वाचला, या खेपेला जरा ठसक्यात.