पोह्यांतली बडीशेप

माझ्या जठराचा एक रंगीत फोटो आमच्या कपाटात आहे, लग्नाच्या अल्बमला टेकून. पाहुण्यांपुढे मी फार फुशारक्या मारायला लागलो की बायको नुसती कपाटाकडे बघते आणि मी सरबत करायला उठतो. पण ही गोष्ट मी एकदा परक्या दारात उभा राहून सांगितलेली आहे, त्यामुळे आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

मी इंदूरचा जुना मराठी. आमच्याकडे सकाळचे पोहे खाण्यात धरत नाहीत, आणि शेव तर मिठासारखी, तिचा कुणी हिशोब ठेवत नाही. रोज सकाळी फिरायला म्हणून निघायचो आणि अन्नपूर्णेच्या देवळाच्या वळणावर थांबायचो. बडीशेप घातलेले वाफाळते पोहे, वर मूठभर शेव, चिमूटभर जिरावन मसाला, सोबत जिलबी. कचोरी नेमकी तेव्हाच कढईतून निघत असली, तर तिचा अपमान कशाला, म्हणून तीही. मग घरी येऊन सात्त्विक चेहऱ्यानं दुसरा नाश्ता.

छातीत जळजळ सुरू झाली. दुपारी ऑफिसच्या खुर्चीत जरा मागे रेललो की घशापर्यंत आंबट यायचं. बायको मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी कागदावर मडकं काढलं, वर नळी, दोन्हींच्या मध्ये झाकण. आम्ल आपल्या जागी सज्जन आहे, म्हणाले, पोटाचं अस्तर त्याला पुरून उरतं. नळीला ते सोसत नाही. झाकण ढिलं पडलं की ते वर चढतं. आणि ढिलं कशानं पडतं? तेलकट खाणं, चहा, ढेरी, खाऊन लगेच आडवं होणं.

मग त्यांनी विचारलं, "बाहर का कितना खाते हो?"

बायको शेजारीच होती. मी छातीवर हात ठेवला. "बाहर का? बिल्कुल नहीं, डॉक्टर साब. सब घर का."

डॉक्टर तिच्याकडे वळले. "तो भाभीजी, घर में मसाला ज़्यादा पड़ रहा है."

ती साताऱ्याची. तिची आई दर उन्हाळ्यात कांदा-लसूण मसाला डंकावर कुटून घेते आणि बरणी भरून इंदूरला पाठवते. या गोड गावात तिचं माहेर म्हणजे ती बरणी. त्या क्षणी एक शब्द बोललो असतो तरी पुरलं असतं. मी मात्र मडक्याचं चित्र फार बारकाईनं बघत बसलो.

त्याच संध्याकाळी तिनं बरणी समोरच्या घरी देऊन टाकली. दोन वेगळे स्वयंपाक कशाला, म्हणून स्वतःही तेच खायला लागली: दुधी, मुगाची खिचडी, ताक. चार महिने. मी पानावर बसून हुतात्म्यासारखा चेहरा करायचो, आणि घरचं अळणी म्हणून बाहेर दुसरी कचोरी घ्यायचो. जळजळ वाढली. एकदा तिला आईशी फोनवर बोलताना ऐकलं. "इतकी वर्षं मीच घालत होते गं त्यांच्या पोटात." हे ऐकून एखाद्या बऱ्या माणसानं तिथेच कबूल केलं असतं. मी चपला घातल्या आणि पोहे खायला गेलो.

शेवटी डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघायचं ठरवलं. अकराची वेळ, पोट रिकामं हवं. सकाळी ती देवळात गेली, स्वतःही काही न खाता. मी घरी एकटा, घाबरलेला. घाबरलेल्या इंदुरी माणसाला एकच औषध ठाऊक असतं. शिवाय अकरापर्यंत जिरेल, आणि पोहे काही खाण्यात धरत नाहीत. तिथे नर्सनं विचारलं, कुछ खाया तो नहीं? मी नकारार्थी मान हलवली.

घशात फवारा मारून तो बधिर केला, नळी आत गेली आणि लगेच बाहेर आली. डॉक्टर चिडले होते. पोटातलं हे वर येऊन श्वासनलिकेत गेलं असतं तर जिवावर बेतलं असतं, म्हणाले. त्यांनी बायकोला आत बोलावलं आणि पडदा दाखवला. "भाभीजी, ये इनको कब खिलाया?"

ती वाकली. पिवळा लगदा, आणि त्यात हिरवट लांबट दाणे. कपाटातला फोटो तो हाच.

"मी पोह्यांत बडीशेप घालत नाही," ती मराठीतच म्हणाली.

डॉक्टरांना मराठी येत नव्हती, तरी ते समजले. नुसते पोहे एवढा वेळ थांबत नाहीत, म्हणाले, तळलेलं असलं की पोट रेंगाळतं. सोबत काय होतं? मी "कचोरी" म्हणालो. बधिर घशातून ते लहान मुलासारखं "कतोली" निघालं. कुणीही हसलं नाही. माझ्या आयुष्यात एवढा फुकट गेलेला विनोद दुसरा नाही.

घराशी स्कूटरवरून उतरल्यावर ती म्हणाली, "बरणी मागून आणा. आणि परत का हवी, तेही खरं सांगून आणा."

समोरच्या ताई माळव्याच्या. मी सगळं सांगितलं, अर्धं दार उघडं, मागे त्यांचे यजमान. चार माणसं जमली की मी रंगात येतो, पण तिथे हातांचं काय करावं ते सुचेना. ताई आत गेल्या आणि बरणी घेऊन आल्या. तळाशी दोन बोटं मसाला उरला होता.

"भाईसाब," त्या म्हणाल्या, "ये तो भाभीजी रोते-रोते दे गई थीं."

हे मला माहीत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात खरोखर रिकाम्या पोटी गेलो. बायको पहाटेपासून दाराशी खुर्ची टाकून बसली होती. जखम नव्हती, नुसतं झाकण ढिलं. पण ते नंतरचं. बरणी आली त्याच संध्याकाळी तिनं स्वतःपुरतं वांग्याचं कालवण केलं आणि माझ्या ताटात खिचडी वाढली. भाकरी कुस्करून ती जेवत होती, नाकावर घाम, डोळे मिटलेले. हे जेवण तिला इतकं आवडतं, हे इतक्या वर्षांत मी कधी बघितलंच नव्हतं. मी नेहमी माझ्याच ताटात असायचो.

"थोडं वाढू?" तिनं विचारलं.

मी नको म्हणालो आणि तिच्यासाठी कांदा फोडून आणायला उठलो.