ज्याची डिस्क त्याला

थोरल्या पोराच्या मते ते सगळं माझ्यामुळं झालं. वाटू द्या त्याला. जे झालं ते मी माझ्या हातानं लिहून ठेवतो, मग त्याला काय लिहायचं ते त्यानं लिहावं.

वारंगा फाट्यावर लग्नाची शूटिंग मी सुरू केली. चौथी शिकलेला माणूस खांद्यावर कॅमेरा घेऊन फिरतो म्हणून लोक हसायचे, अन् त्याच लोकांच्या पोरींची लग्नं मीच काढली. तेव्हा कॅसेट होती. कॅसेटवर गावाचं अन् पोरीच्या बापाचं नाव. फळीवर हात घातला की लग्न हातात.

पुढं पोरं हाताशी आली, कॉम्प्युटर आला. कापाकापी, गाणी भरणं, ज्याला आमच्यात मिक्सिंग म्हणतात, ते दुकानातच होऊ लागलं. लग्नं हार्ड डिस्कवर गेली. दोन डिस्का थोरल्यानं घेतल्या, दोन धाकट्यानं. कळमनुरीकडची लग्नं एकीवर, औंढ्याकडची दुसरीवर, असं ठरवून मी त्यांना रंगीत टेपा लावल्या होत्या. एक दिवस पाहतो तर थोरल्यानं चारही डिस्का एकाच पेटीत घालून जोडून टाकलेल्या.

"दादा, आता चार न्हाईत, एकच मोठी दिसती. एक भरली की दुसरी हुडकायची तकलीफ गेली."

"मग औंढ्याची लग्नं कुठं हायेत?"

"आत हायेत."

"आत कुठं? कोणत्या डिस्केत?"

"ते मशीन ठरवतं. अर्धं हिच्यात, अर्धं तिच्यात. तुमाला न्हाई समजायचं."

समजायचं नाही म्हणल्यावर मी समजून घ्यायचं काही कारण उरलं नाही. माझ्या टेपा त्यानं ओढून काढल्या होत्या, डिस्कांवर नुसता चिकटा राहिला होता.

त्याच सालात भावाभावांचं फाटलं. उन्हातान्हात कॅमेरा धरून उभा राहायचा धाकटा, अन् फिल्म सुरू झाली की फुलांच्या पाकळ्यांतून फिरत यायचा थोरल्याचा फोटो. खाली मोठ्या अक्षरात त्याचंच नाव. धाकट्यानं एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा भर दुकानात गिऱ्हाइकासमोर त्यानं थोरल्याची गचांडी धरली. औंढ्याला वेगळं दुकान टाकतो म्हणाला. मी भावकीतली दोन माणसं बसवली अन् वाटणी केली. कॅमेरे वाटले, लाइटी वाटल्या, स्टँड वाटले. राहिल्या डिस्का.

"ह्या अशा वाटता येत न्हाईत," थोरला म्हणला.

"काहून? सगळं तुलाच पायजे का?" धाकटा उसळला. "बघा दादा, कसा फसवून राहिला."

"फसवत न्हाई रे येड्या, जोडलेल्या हायेत त्या."

"जोडलेलं तोडता येतं," मी म्हणलं. "बैलजोडी वाटतो आपण, तर ही पत्र्याची डबडी वाटता येत न्हाईत? ज्याची डिस्क त्याला."

थोरला तोंड फिरवून बसला. तोंड उघडून नीट सांगायला त्याला काय झालं होतं? मी स्वतः स्क्रू काढले अन् धाकट्याच्या दोन डिस्का त्याच्या पिशवीत टाकल्या. वाटणी बराबर झाली. आजही मी तेच म्हणतो.

काही दिवसांनी शेजारच्या गावचा एक रिटायर कंडक्टर दुकानात आला. त्याच्या पोरीचं लग्न आम्हीच काढलं होतं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"आहेर कुठंय?"

"कसला आहेर?" थोरल्यानं विचारलं.

"तुमी दिलेल्या सीडीत गाणी हायेत, बदामं हायेत, तुमचं थोबाड हाये. आहेर कुठंय?"

आहेराचा भाग थोरल्यानं कापला होता. आहेर कोण बघतं म्हणे! अन् इकडं नवरदेवाचा मामा गावभर सांगत होता की मला मांडवात फेटा बांधला नाही, माझा अपमान केला. मानपानाच्या त्या एका फेट्यावरून कंडक्टरची पोरगी माहेरी बसून होती. जोवर कंडक्टर चूक कबूल करत नाही तोवर पोरगी नांदवत नाही, असा सासरचा निरोप. पोरीनं सांगून पाहिलं होतं की फेटा बांधला, मी पाटावरून डोळ्यानं पाहिला. तिला खोटारडी ठरवली.

"न कापलेलं असंल न तुमच्याकडं? ते दाखवा. माझी लेक त्याच्यावर अडली हाये."

कॅमेऱ्यातल्या टेपेवर तर केव्हाच पुढचं लग्न चढलं होतं. न कापलेलं होतं ते त्या पेटीत. थोरला हळूच म्हणाला, "दादा, वाटणी झाल्यापासून एकबी लग्न उघडत न्हाई. चारही एकत्र जोडल्याशिवाय ती पेटी काहीच दाखवत न्हाई."

"मग इतके दिवस काय गोट्या खेळून राहिला?"

"त्याच्या दारात मी जाणार न्हाई."

मी गेलो औंढ्याला. देवळाच्या वाटेवर नारळाच्या दुकानांना लागून धाकट्याचं दुकान. त्याचीही तीच गत. त्याचं मशीन म्हणे, डिस्क कोरी आहे, फॉरमॅट करू का. त्यानं 'नको' दाबलं, अन् भावानं मुद्दाम पुसून दिल्या असं धरून शिव्या देत बसला होता.

"डिस्का घे अन् चल," मी म्हणलं.

"न्हाई येत. तुमीच वाटून दिल्या न?"

"वाटल्या, अन् तुझ्याच राहतील. पोरगी घरी बसलीय कंडक्टरची, अन् नवरदेवाचा मामा म्हणतो फेटा बांधलाच न्हाई. शूटिंग तू काढलंस का त्या मामानं?"

त्यावर तो उठला. पण डिस्का हातातून सोडणार नाही, समोर बसून राहणार, ही त्याची अट.

फाट्यावरच्या दुकानात दोघं एका टेबलाशी बसले अन् एकमेकांकडं पाहिनात.

"दादा, त्याला म्हणा, वायर नीट खोच," थोरला म्हणला.

"दादा, त्याला म्हणा, मला कान हायेत."

"मी काय तुमचा टेलिफोन हाय का रे?" मी दोघांवर ओरडलो.

चारही जागेवर बसल्या. मशीन बराच वेळ घरघरलं, अन् सगळी लग्नं एकदम दिसली. त्यात कंडक्टरचंही होतं. थोरल्यानं आहेराचा सगळा भाग सीडीवर उतरवला. मग ज्याची लग्नं त्यानं वेगळी काढून घेतली, अन् धाकटा माझ्याशीही न बोलता गाडीला किक मारून गेला.

सीडी घेऊन मीच कंडक्टरच्या घरी गेलो. कंडक्टरनं बोलावलेले नवरदेवाचा बाप, तो मामा अन् आणखी एक-दोघं टीव्हीसमोर बसलेले. पोरगी आतल्या दाराशी उभी. आहेर सुरू झाला. टॉवेल, टोपी, पुन्हा टॉवेल, टोपी. मग मामा आला. मान वाकवली, कंडक्टरनं फेटा बांधला, मामानं कॅमेऱ्याकडं पाहून तो वरून चाचपला अन् मिशीवर हात फिरवला.



"हलका होता तो फेटा," मामा म्हणाला. "त्याला काय फेटा म्हणत्यात?"

"म्हणजे बांधला व्हता," मी म्हणलं.

"तुमाला कोनी विचारलं?"

"तुमीच गावभर विचारून राहिले होते."

नवरदेवाच्या बापानं हात झटकला. "जाऊ द्या, झालं गेलं. पोरी, घे तुझी बॅग, गाडी उभी हाये."

पोरगी दारातून हलली नाही.

"मी सांगत होते तवा खोटं होतं," ती म्हणाली. "आता टीव्हीनं सांगितलं म्हणून खरं झालं. मग टीव्हीलाच घेऊन जा नांदवायला."

कंडक्टर तिच्यावर धावून गेला, "तोंड आवर, पाव्हणे हायेत!" ती पुढं आली, बटण दाबून सीडी बाहेर काढली अन् ओढणीत धरली. चहा आला होता, पण पाहुण्यांनी कपाला हात लावला नाही. जीपचा दरवाजा आपटल्याचा आवाज आला.

मग कंडक्टर माझ्याकडं वळला. "झालं समाधान? पोरगी धाडायला सीडी मागितली होती मी."

"तुमी फेटा मागितला," मी म्हणलं. "फेटा दाखवला. पोरगी जाती का न्हाई ते माझ्या कॅमेऱ्याचं काम न्हाई."

"निघा इथून."

"निघालोच हाय."

पायात चपला घालताना पोरगी मागून म्हणाली, "काका, ही माझ्याकडंच राहू द्या."

"तुझीच हाये," मी म्हणलं अन् पायऱ्या उतरलो.