पुढच्या चाकांचा दांडा

माझा स्वभाव खुनशी आहे, हे आधीच सांगून टाकतो. पाचवीत माझी कंपासपेटी ज्याने मुद्दाम पायाखाली चिरडली त्याचं आडनावासकट नाव मला आजही पाठ आहे. बायको म्हणते, एवढं लक्षात ठेवण्यापेक्षा गॅस बुक केल्याची तारीख लक्षात ठेवली असतीत तर बरं झालं असतं. तिचं बरोबर आहे. पण माणूस काय विसरेल हे काही त्याच्या हातात नसतं.

मी यवतमाळकडचा. शतक बदलायच्या सुमारास नोकरीसाठी पुण्यात आलो, स्वारगेटजवळ तिघांत एक खोली घेतली आणि कंपनीच्या बसने हिंजवडीला जाऊ लागलो. तेव्हा तिथे रस्त्याच्या एका अंगाला काचेच्या इमारती होत्या आणि दुसऱ्या अंगाला गोठे. त्यातल्या एका गोठ्यात, म्हशीच्या शेजारी, जुनी जीप उभी असलेली मला बसच्या खिडकीतून दिसली. उंच बॉनेट, गोल दिवे, मागे समोरासमोर दोन बाकं. माझे वडील वनखात्यात ड्रायव्हर होते आणि तशाच जीपच्या मागच्या बाकावर झोपून माझं अर्धं लहानपण गेलं. त्या दिवशी ऑफिसात मी एक ओळ धड लिहिली नाही.

जुन्या जीपचा नाद असलेल्यांत एक रीत आहे. गावातल्या गाडीचा भाव पहिल्या भेटीत विचारायचा नाही. चहा घ्यायचा, म्हशीची चौकशी करायची, गाडीला हात लावायचा तो मालकाला विचारून. मग एक दिवस मालकच म्हणतो, न्या आता. त्याआधी भाव विचारला की त्याला वाटतं, भंगारवाला आला.

मी दोन वर्षं रविवारी जात राहिलो. मालक सत्तरीचे होते, सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं, मीही म्हणू लागलो. लष्कराच्या लिलावातून त्यांनी ती जीप आणली होती. गावातले नवरदेव तिच्यातून गेले होते, अडलेल्या बाळंतिणी तिच्यातून पौडच्या दवाखान्यात गेल्या होत्या. जमीन आयटी पार्कात गेली तरी जीप त्यांनी ठेवली होती. आम्ही दोघांनी मिळून तिचे ब्रेक खोलले, मी जुन्या बाजारातून वायपरची मोटर शोधून आणली. गाडी माझी नव्हती, पण काम मी माझ्या गाडीचं करावं तसं करत होतो.

पुढच्या चाकांचा दांडा मला आबांनी शिकवला. गिअरच्या शेजारी तो वेगळा असतो. तो ओढला की इंजिनाची ताकद पुढच्या चाकांनाही जाते. चिखलात, वाळूत ओढायचा आणि पक्क्या रस्त्यावर यायच्या आधी सोडायचा. चिखलात चाकं घसरतात, म्हणून आतल्या दात्यांवर ताण राहत नाही. पक्क्या रस्त्यावर घसरायला जागा नसते, मग प्रत्येक वळणाला ताण साठत जातो आणि दांडा असा आवळतो की दोन्ही हातांनी ओढला तरी सुटत नाही.

"मग बळ करायचं न्हाई," आबा म्हणाले. "धा पावलं सरळ मागं घ्यायची. गाडी सोताच सोडती."

माझी चूक मी केली ती ऑफिसच्या कँटीनमध्ये. माझ्या मॅनेजरला मी जीपबद्दल सांगितलं. त्यालाही जुन्या गाड्यांचा शौक होता, म्हणजे परदेशी मासिकं चाळण्याचा. एका रविवारी मी त्याला आबांकडे घेऊन गेलो. परत येताना त्याने विचारलं, "किती म्हणतोय म्हातारा?"

"अजून विचारलं नाही," मी म्हणालो.

"दोन वर्षांत? कोडही असंच लिहितोस का रे तू?" तो हसला. मग म्हणाला, "तुझे वडील ड्रायव्हर होते ना? तुमच्यात गाडी चालवायची हौस असते. गाडी घ्यायला वेगळा स्वभाव लागतो."

ते वाक्य मी कंपासपेटीच्या शेजारी नीट ठेवून दिलं.

महिन्याभरात त्याने मला तीन महिन्यांसाठी परदेशी क्लायंटकडे पाठवलं. टीममध्ये माझ्या आधी दोघांचा नंबर होता, तरी मला. मी एवढा भारावलो की विमानतळावरून त्याला आभाराचा फोन केला. परत आल्यावर पहिल्याच सोमवारी बसमधून पाहिलं तर गोठ्यात फक्त म्हैस होती. दुपारी त्याने मला पार्किंगमध्ये नेलं. जीप तिथे उभी होती.

"तुला चालवायला देईन कधीतरी," तो हसत म्हणाला.

मला आबांचा राग त्याच्याहून जास्त आला. दोन वर्षांचा चहा, दोन वर्षांचे रविवार, आणि म्हाताऱ्याने दुसऱ्या भेटीत आलेल्या माणसाला गाडी दिली. मी त्या गोठ्याकडे पुन्हा फिरकलो नाही. आबांच्या मुलाचा ऑफिसात दोनदा फोन आला. दोन्ही वेळा मी मीटिंगमध्ये आहे असं सांगायला लावलं.

पुढे तो मॅनेजर खराडीच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर गेला. जीपला त्याने रंग दिला, नवी गादी केली, टायर बदलले. जीपवाल्यांचा आमचा एक रविवारचा कंपू होता, त्यात तो सामील झाला आणि सगळ्यांना सांगू लागला, "गोठ्यात सापडली मला." ते "मला" तो फार छान म्हणायचा. मीही तोवर तीन मोडक्या गाड्यांची मिळून एक जीप उभी केली होती. कंपू सोडावा असं मला कधी वाटलं नाही. जीपच्या पुढच्या काचेची कडी कुठे मिळेल असं त्याने विचारलं, मी म्हटलं माहीत नाही. माझ्याकडे तसल्या दोन कड्या होत्या. एवढ्याने समाधान होण्यासारखा मी नाही. मी थांबलो होतो.

दीड वर्षाने, सव्वीस जानेवारीला, झेंडे लावून आमच्या सहा जीप खराडीच्या नदीकाठावर उतरल्या. त्याच्या शेजारच्या सीटवर आबा बसले होते. पांढरी टोपी, गळ्यात हार. मूळ मालक म्हणून त्याने त्यांना दाखवायला आणलं होतं. आबा माझ्याकडे पाहून हसले. मी मान फिरवली.

नदीकाठच्या वाळूत त्याने पुढच्या चाकांचा दांडा ओढला, चार फेऱ्या मारल्या, फोटो काढून घेतले. मग आम्ही वर चढून पक्क्या रस्त्याला लागलो. मी त्याच्या मागेच होतो. प्रत्येक वळणाला त्याची पुढची चाकं कुरकुरत होती. दांडा सोडायचा राहिला होता. मी हॉर्न देऊ शकत होतो. मिसळीच्या हॉटेलापर्यंतचे तीन-चार मैल मी तो कुरकुराट ऐकत गेलो आणि खोटं कशाला बोलू, मला तो गोड वाटत होता.

हॉटेलापाशी बाकीचे आत गेले. बाहेर तो, आबा आणि मी राहिलो. दांडा सुटत नव्हता. त्याने एका हाताने ओढला, दोन्ही हातांनी ओढला, बुटाने लाथ मारली.

"काय झालं असेल रे?" त्याने मला विचारलं.

दहा पावलं मागे घ्या, एवढंच म्हणायचं होतं. दोन वर्षांचे रविवार, पार्किंगमधलं ते हसू आणि माझे वडील, सगळे माझ्या जिभेवर येऊन बसले होते.

"जोर कमी पडतोय," मी म्हणालो. "स्टिअरिंग पूर्ण वळवा, रेस द्या, क्लच एकदम सोडा आणि त्याच वेळी दांडा खेचा."

त्याने अक्षरशः तसंच केलं. माझं एवढं त्याने ऑफिसात कधी ऐकलं नव्हतं. गाडीच्या पोटातून काडकन आवाज आला, एक उसळी बसली आणि गाडी जागीच थांबली. खाली काळं तेल पसरू लागलं. आतल्या दात्यांवरचं बिडाचं कवच उभं फुटलं होतं. तो पांढराफटक पडला. आयुष्यात इतकं बरं मला फार थोड्या वेळा वाटलं असेल.

आबा सावकाश खाली उतरले. वाकून त्यांनी तेलात बोटं घातली, तेलातला लोखंडाचा चुरा पाहिला. मग ते त्याच्याकडे न जाता माझ्याकडे आले.

"सोताची गाडी अशी मोडू दिली व्हय?"

"आबा, गाडी माझी कुठे आहे?"

"मंग कुनाची? तुमी परदेशात हुता. ह्ये म्हनले, तुमीच पाठवलंय, कागदावर आत्ता ह्यांचं नाव घाला, तुमी आला की बदलून घेऊ." आबांनी गळ्यातला हार काढून हातात धरला. "म्हनून दिली. दोनदा फोन लावला पोरानं. मला वाटलं, साहेब कामात असत्याल."

मी मॅनेजरकडे पाहिलं. "तसं सांगितल्याशिवाय तो देत नव्हता," तो तेलाकडे बघत म्हणाला. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं.

"मी मघाच बोलनार हुतो, मागं घ्या म्हनून," आबा मला म्हणाले. "म्हनलं, मालक हिथं हुबा हाय. त्याला म्या शिकिवलंय. त्यो सांगंल."

मला त्या माणसाचा गळा धरावासा वाटला. पण आबा त्याच्याकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडेच बघत होते, आणि त्यांना सगळं समजलं होतं. जोर लावा असं मी म्हणालो ते त्यांनी शेजारच्या सीटवर बसून ऐकलं होतं.

"आबा, चला, मी घरी सोडतो," मी माझ्या जीपचं दार उघडून म्हणालो.

त्यांनी माझ्या जीपकडे पाहिलं, हाताचं तेल धोतराला पुसलं आणि रस्ता ओलांडून समोरच्या बसथांब्यावर जाऊन बसले. मी दोनदा हाक मारली. बस यायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ मी अलीकडे उभा होतो, पण त्यांनी एकदाही इकडे पाहिलं नाही.