सासूबाईंचा बूट

कुत्रीचं नाव सासूबाई. जोडेवाल्याच्या बायकोने ठेवलेलं. सगळ्यांच्या आधी जेवते, मग दिवसभर कुरकुरते, दुसरं काय नाव शोभणार, असं ती म्हणायची. बायको गेली आणि कुत्री जोडेवाल्याकडे राहिली. जाताना बायको एवढंच म्हणाली होती, हिला जपा. त्यानंतर त्याला काही जाणवेनासं झालं. आरी बोटात शिरायची आणि चामड्यावर लाल ठिपका दिसला की मग कळायचं.

एक दिवस सासूबाई पुढचा उजवा पंजा चाटू लागल्या. बोटांच्या मधली जागा सतत चाटायच्या. लेकीने सांगितलं, जनावरांच्या डॉक्टरला दाखवू. जोडेवाला म्हणाला, पायांत माझा जन्म गेला, पायाचं मला कोण शिकवणार?

त्याने कागदावर पंजा उतरवून घेतला, त्या मापाचं लाकडी कलबूत, म्हणजे बुटाचा साचा, कोरलं. त्यावर वासराचं मऊ चामडं चढवलं, मेणाच्या दोऱ्याने बारीक टाके घातले. आतल्या बोटांना वारासुद्धा लागणार नाही, असा घट्ट बूट झाला. गल्लीतली माणसं बघायला आली. कुणी म्हणालं, आमच्या सासूबाईंचं नशीब असं नाही. तोही किंचित हसला.

चाटणं बंद झालं. काम फत्ते झालं असं त्याने धरलं. बूट रात्रीसुद्धा काढला नाही.

लेक सुट्टीच्या दिवशी आली आणि उंबऱ्यातच थबकली. "बाबा, कसला वास येतोय?"

"चामड्याचा."

त्याचं नाक चामड्याच्या वासात मुरलेलं. त्याला तो खरोखरच चामड्याचा वाटत होता. लेक खाली बसली. सासूबाई पाय टेकत नव्हत्या, वाटीतलं अन्नही तसंच होतं. तिने बूट उतरवला. चामडं आतून ओलं होतं. बोटांच्या मधे गाठ फुटून पू वाहत होता.

दवाखान्यातली डॉक्टरीण लेकीच्याच वयाची होती. तिने विचारलं, चाटत किती दिवस होती? तो म्हणाला, बूट घातल्यावर थांबली.

"थांबली नाही काका. तिचं तोंड तिथवर पोचेना."

तिने चिमट्याने गवताचं कुसळ काढून दाखवलं. जिऱ्याएवढं. ते आत आत शिरत गेलं होतं आणि बुटातल्या ओलीने जखम कुजवली होती. एका बोटाचं हाड गेलं होतं. ते बोट आज काढलं नाही तर पुढे सगळा पाय काढावा लागेल, असं तिने शांतपणे सांगितलं.

"काढा," तो म्हणाला. आवाज दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

तो बाकावर बसून राहिला. समोरच्या भिंतीला ओल आली होती, तो ती पाहत होता. लेक रडली. त्याला रडू आलं नाही. बूट अजून त्याच्या मुठीत होता. टाके एकसारखे, एकही चुकलेला नव्हता.

निघताना डॉक्टरीण म्हणाली, कुत्रं एकच पंजा सारखं चाटू लागलं की बोटं फाकवून बघायचं. काही रुतलेलं वर दिसलं तर काढायचं. पण लंगडत असेल, सूज, रक्त, पू किंवा वास असेल, किंवा एक-दोन दिवसांत चाटणं थांबलं नाही, तर इकडे आणायचं. बांधून झाकून ठेवायचं नाही.

काही दिवसांनी एक गिऱ्हाईक आपला कुत्रा घेऊन दुकानात आलं. तसाच बूट हवा होता. कुत्रा पंजा चाटतो म्हणे. जोडेवाल्याने आरी खाली ठेवली, पंजा हातात घेऊन बोटं फाकवली. मधे लाल फुगवटा होता.

"आधी डॉक्टर."

"माप तर घेऊन ठेवा."

"नाही घेणार."

गिऱ्हाईक पुटपुटत गेलं. कोपऱ्यातून सासूबाई कुरकुरल्या. मग लंगडत आल्या आणि तीन बोटांचा पंजा त्याच्या पावलावर ठेवून झोपल्या. जड आहे की हलका, त्याला नीट कळेना. दुकान बंद करायची वेळ झाली, तरी त्याने पाऊल हलवलं नाही.